जुनी फायबरची नाव रंगवायची आहे: रंग कोणता घ्यावा, पेंटर कोणता लावावा?

पल्याडचा | १८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

आमच्याकडे एक फायबरची नाव आहे. लांबी १८ फूट, मधात रुंदी ५ फूट. बाबांनी आंभोऱ्याच्या घाटावर तिच्यात बसवून कित्येक वर्षं माणसं इकडून तिकडे केली. चैतन्येश्वराच्या यात्रेत तर त्यांना भाकर खायला फुरसत नसे. आता तिथे केबलचा मोठा पूल झाला. लोक गाडीने दोन मिनिटांत पार होतात आणि पुलावर उभे राहून खाली आमच्याकडे पाहतात. तरी रविवारी पाच नद्यांचा संगम पाहायला आलेले लोक फेरी मागतात, म्हणून नाव मोडीत काढायला मन होत नाही.

दुखणं असं आहे. चार वर्षांपूर्वी भावाने दारं-खिडक्यांना मारतात तो निळा ऑइलपेंट तिला मारला. दुसऱ्या पावसाळ्यात तो सुटला आणि आता सापाच्या कातीसारखा निघतो. खालच्या मूळ पांढऱ्यावर हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. तळाला मुगाच्या दाण्याएवढे फोडही आले आहेत, पंचवीस-तीस तरी असतील.

तीन माणसं पाहून ठेवली आहेत. एक तालुक्याच्या गावी गाड्यांची डेंटिंग-पेंटिंग करतो. स्प्रे गनने मारून देतो म्हणाला, दोन दिवसांत नाव परत, १२ हजार. दुसरा नागपूरकडचा, फायबरची दारं आणि बगिच्यातल्या घसरगुंड्या बनवतो. तो म्हणतो की वरून नवीन जेलकोट, म्हणजे फायबरच्या अंगावरचा कडक गुळगुळीत थर, चढवू, १८ हजार. तिसरा आमच्याच गावचा, दुकानांचे बोर्ड आणि शाळेच्या भिंती रंगवणारा. त्याने भाव सांगितलाच नाही. म्हणाला, आधी नाव पाहू दे.

रंग कोणता घेऊ आणि काम कोणाला देऊ? मजुरी धरून १५ हजारांपर्यंत जमेल.

नागपुरी_तडका | १८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

गाडीवाल्याला द्या ना भाऊ, एवढा काय इचार करता? गनने मारलेला रंग आरशासारखा दिसते. सेल्फी काढणारे त्याच्यातच केस विंचरतीन.

किनाऱ्यावरचा | १९ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

थांबा हो. वरचा रंग शेवटी ठरवायचा असतो. मी रत्नागिरीकडचा, घरच्या दोन होड्या आहेत. दरवर्षी किनाऱ्यावर ओढतो, खरवडतो, रंगवतो. तुमचा निळा रंग खराब होता म्हणून सुटला नाही, त्याला धरायला काही मिळालं नाही म्हणून सुटला. फायबरची नाव साच्यातून काढतात. ती साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं आणि त्यातलं थोडं नावेच्या अंगावर राहतं. भावाने घासलं होतं का? की नुसतं धुऊन मारलं?

आणि एक. तुमच्या तालुक्याच्या दुकानात कोणी तळाला लावायचा ‘अँटीफाउलिंग’ म्हणून महागडा डबा दाखवलाच, तर घेऊ नका. आमच्याकडे खाऱ्या पाण्यात शंख-शिंपल्यांची पिल्लं तळाला चिकटतात, त्यांच्यासाठी तो रंग. त्यात तांबं असतं. पूर्वी कथिलाचं एक विषारी संयुगही असायचं. समुद्री जिवांची वाट लागली तेव्हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून ते बंद झालं. तुमच्या गोड्या पाण्यात तसं चिकटणारं शिंपलं नाही, फार तर शेवाळ. ते नारळाच्या काथ्याने घासलं की जातं. ज्या पाण्यात मासे आणि जनावरं आहेत तिथे तांबं कशाला सोडायचं?

पल्याडचा | १९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

भावाला विचारलं. निरम्याने धुतली आणि त्याच दिवशी मारला. घासायचं असते हे माहीतच नव्हतं म्हणाला.

शेवाळापेक्षा आमच्याकडे पाणरेषेवरचा चिकट काळा पट्टा जास्त आहे. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. खाली गोसीखुर्दचं धरण, त्यामुळे पाणी तुंबून असते. शहरातलं काय काय वाहून येते ते आमच्या नावेला विचारा.

रंगाचा_डबा | १९ फेब्रुवारी, रात्री ८.५०

मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. जरा लांब लिहितो, सवड काढून वाचा.

बाजारात ढोबळमानाने दोन जातींचे रंग मिळतात. एका डब्यातला, म्हणजे आपला नेहमीचा ऑइलपेंट. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. वापरायला सोपा, चुका पोटात घालणारा, पण सतत पाण्यात राहणाऱ्या वस्तूसाठी दुबळा. दुसरा दोन डब्यांचा. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर, मिसळले की रासायनिक क्रिया होऊन कडक होतो. त्यातही दोन घराणी आहेत. इपॉक्सी पाण्याला फार चांगला अडवतो, पण उन्हात त्याची भुकटी होते. पॉलियुरेथेन, ज्याला कारागीर ‘पीयू’ म्हणतात, तो उन्हाला टिकतो. म्हणून नावेला खाली इपॉक्सी आणि वर पीयू अशी जोडी लावतात. ‘सिस्टिम’ म्हणतात ती हीच. एका कंपनीची जोडी, तिचाच थिनर, आणि डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, लिहिलेलं एका हातापासून (थरापासून) दुसऱ्या हातापर्यंतचं वेळेचं अंतर. प्राइमर म्हणजे खालचा हात एकाचा, वरचा दुसऱ्याचा, थिनर कोपऱ्यावरच्या दुकानातला, असं केलं आणि रंग उठला तर कोणाच्याच दारात उभं राहता येत नाही.

आता तुम्ही तीन गोष्टी करा, खर्च शून्य.

जिथे निळा रंग अजून घट्ट आहे तिथे थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दाबून पाच मिनिटं धरा. रंग मऊ पडून फडक्याला लागला तर तो एका डब्यातला. त्याच्यावर दोन डब्यांचा रंग मारला की आतल्या थिनरने खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. म्हणजे निळा रंग पूर्ण काढावा लागेल.

दुसरं, मूळ पांढऱ्या भागावर तांब्याभर पाणी ओता. पाणी एकसंध चादरीसारखं पसरलं तर अंग स्वच्छ. कमळाच्या पानावर असतात तसे थेंब झाले तर मेण किंवा तेल आहे.

तिसरं, एक फोड सुईने फोडा. डोळ्यांवर चष्मा लावून, आतलं पाणी कधीकधी जोरात उडतं. ते बोटांत चोळा आणि वास घ्या. मग मला सांगा.

सिंगाडा | १९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

मी नवेगावबांधकडची जी. आमच्या सासऱ्याचा सागाचा डोंगा होता. त्याले ते दर साली जळकं ऑइल नाही तं डांबर लावत. डोंगा टिकला, खोटं कावून बोलू. पण मंग नंदेच्या पोरानं हौसेनं पांढरा रंग मारला त्याच्यावर. महिनाभरात डांबर वर आलं न् पांढऱ्याचा चहा झाला. काहीच इलाज नाही का त्याले?

रंगाचा_डबा | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१०

ताई, डांबर कोणत्याही रंगातून वर झिरपतं. एकदा लावलं की त्या लाकडाने डांबराशी लग्न लावलं असं समजा. त्या डोंग्याला डांबरच लावत राहा. आणि जळकं ऑइल प्यायलेल्या लाकडावर तर रंग धरतच नाही.

नव्या लाकडाला तुमच्या विदर्भातलं जवसाचं तेल छान, पण कच्चं नको. कच्चं वाळायला फार वेळ घेतं आणि त्यावर बुरशी धरते. रंगाच्या दुकानात सुकवणारी द्रव्यं घातलेलं ‘बॉइल्ड’ तेल मिळतं ते आणा. जुने सुतार त्यात शेंदूर कालवून लाकडाला पहिला हात देत. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. काम उत्तम होई, पण शिसं अंगात साठतं, विशेषतः लहान मुलांच्या, म्हणून आता नकोच. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं असा नियम २०१६ मध्ये आला. त्याआधीच्या डब्यांचं काही सांगता येत नाही, म्हणून कोणताही जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारत घासा. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेतात, खरंच. वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

पल्याडचा | २१ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२०

काका, परीक्षेचा निकाल. फडकं निळं झालं, म्हणजे पहिल्या पेपरात नापास. पाणी काही ठिकाणी पसरलं, काही ठिकाणी कमळाचं पान. फोडातलं पाणी बोटाला तेलकट लागलं आणि वास लोणच्याच्या बरणीतल्या सिरक्यासारखा. आईनं विचारलं, नावेचं लोणचं घालता का?

रंगाचा_डबा | २१ फेब्रुवारी, रात्री ८.००

आंबट वास म्हणजे पाणी जेलकोटमधून आत गेलं, आतल्या रेझिनचे (फायबरचे धागे बांधून ठेवणाऱ्या राळेचे) विरघळणारे अंश त्यात मिसळले आणि ते द्रावण बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतंय. गोड्या पाण्यात हे खाऱ्यापेक्षा जोरात होतं. पंचवीस-तीस फोड म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक फोड कडक भाग लागेपर्यंत खरवडून उघडा करा, साध्या पाण्याने आठवडाभर रोज धुवा, मग नाव उलटी करून वाळू द्या. किमान तीन-चार आठवडे. विदर्भाचं ऊन इथे फुकटचा मजूर आहे. वाळली का ते कळायला हातभर लांब-रुंद, जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओली.

खड्डे भरायला इपॉक्सीचीच लांबी, म्हणजे पुट्टी. गाडीवाल्याकडची एनसी पुट्टी तळाला चुकूनही नको. ती पाणी पिते आणि फुगते.

किनाऱ्यावरचा | २२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

काकांना एक पुरवणी. पीयू तळाला लावूच नका. बारा महिने पाण्यात राहणाऱ्या भागावर बरेचसे पीयू फोड धरतात, डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. पाण्याखाली फक्त इपॉक्सी, चार हात. पीयू पाणरेषेच्या दोन बोटं वरून सुरू करायचा. पैसेही वाचतात.

पाणरेषा कशी आखणार? रिकामी नाव पाण्यात सोडून खडूने आखाल तर फसाल. रविवारी बसवता तेवढी माणसं बसवा, मग आखा.

नागपुरी_तडका | २२ फेब्रुवारी, सकाळी ११.००

माणसं बसवायला मी येतो. तर्री-पोहे तुमच्याकडे.

साकोलीची_ताई | २२ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, तर दुकानदार म्हणून एक सांगते. दोन डब्यांचा रंग आमच्यासारख्या गावांत पडून राहणारा माल आहे. नागपूरहून मागवावा लागतो. मागवताना दोन्ही डब्यांवरची तारीख पाहा, खास करून पीयूच्या हार्डनरची. त्याला हवेतला ओलावा चालत नाही. कोणी अर्धा वापरून झाकण लावून ठेवलेला डबा स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, आत जेली झालेली असते. माझ्याकडून एका गिऱ्हाईकाला असा डबा गेला होता. पैसे परत केले, पण त्याची ट्रॉली वाया गेली ती गेलीच.

पल्याडचा | २२ फेब्रुवारी, रात्री ९.००

रंग किती लागेल? नागपूरला दोन-दोन चकरा परवडत नाहीत.

रंगाचा_डबा | २२ फेब्रुवारी, रात्री ९.४५

सोपं गणित आहे. डब्यावर किंवा डेटाशीटवर ‘व्हॉल्यूम सॉलिड’ टक्क्यांत लिहिलेलं असतं, म्हणजे वाळल्यावर मागे किती उरतं ते. त्याला १० ने गुणा आणि थराची जाडी जेवढे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी तेवढ्याने भागा. एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतील ते येतं. इपॉक्सी ५० टक्के आणि हात ५० मायक्रॉनचा धरला तर १० चौरस मीटर. रोलरला, वाटीला आणि जमिनीला लागतो तो वजा करून ८ धरा.

तुमच्या नावेचं बाहेरचं अंग साधारण १२.५ चौरस मीटर, त्यातलं पाण्याखालचं ६-७. सगळीकडे दोन हात म्हणजे ३ लिटरच्या थोडं वर, तळाचे जादा दोन हात पावणेदोन लिटर. इपॉक्सी ५ लिटर आणा. पीयू ४५ टक्के, ४० मायक्रॉन, दोन हात, फक्त वरचा भाग: दीड लिटर पुरेल, २ आणा. मिळून किती होतील ते ताई सांगतील, पण तुमच्या १५ हजारांत मजुरीला जागा उरेल असं वाटतं.

नागपुरी_तडका | २३ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

हे सगळं मान्य, पण गन काऊन नाही? ब्रशचे ओरखडे दिसतात राजेहो.

रंगाचा_डबा | २३ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

कारण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनने त्याचा धुरळा होतो आणि तो फुफ्फुसात गेला की कायमचा दमा लागू शकतो. एकदा शरीराने त्याचं वाकडं घेतलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. नाकाला रुमाल बांधणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं. साधा कोळशाचा मास्कही भरवशाचा नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो तुमच्या गाडीवाल्याकडे आहे का, हे त्याला विचारा. नसेल तर तो रोज स्वतःचं काय करून घेतोय हेही सांगा त्याला.

ओरखड्यांवर उपाय आहे. एकाने बारीक फोमच्या रोलरने पातळ थर लावत पुढे जायचं, दुसऱ्याने मागोमाग मऊ ब्रशच्या नुसत्या टोकाने, न दाबता, एकाच दिशेने फिरवत यायचं. चार हात दूरून गनचं काम आहे की ब्रशचं हे ओळखू येत नाही. मोकळ्यावर, वारा पाठीमागून घेऊन करा. मास्क आणि हातमोजे तरीही लागतातच.

पल्याडचा | २६ फेब्रुवारी, रात्री ८.३०

तिघांनाही एकच प्रश्न विचारला: रंग मारायच्या आधी किती दिवस घ्याल?

गाडीवाला म्हणाला, अर्धा दिवस, ग्राइंडर फिरवतो की झालं. मुखवट्याचं विचारलं तर हसला आणि गमछा दाखवला. माणूस वाईट नाही, त्याचं वर्कशॉप चालते, पण नाव म्हणजे त्याच्यासाठी चाकं नसलेली गाडी आहे.

फायबरवाला म्हणाला, घासायचं कामच नाही, जेलकोट जेलकोटला धरते. फोडांबद्दल मात्र तो काकांनी सांगितलं तेच बोलला. म्हणजे फायबर त्याला कळते.

गावच्या बोर्डवाल्या दादाने नाव पाहिली. नखाने खरवडली, ओलं बोट लावून पाहिलं, खाली वाकून तळ पाहिला. मग म्हणाला, “मले माहीत नाही. दोन डब्याचा रंग मी आजवर मारला नाही. पण हे पूर्ण घासल्याशिवाय मी ब्रश लावणार नाही, मंग पंधरा दिवस लागो.” डेटाशीटचा कागद दिला तर मुलीकडून वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तीन शंका घेऊन आला. त्यातली एक मलाही सुचली नव्हती: वाटीतला रंग घट्ट होत आला तर थिनर घालून चालते का?

माझं मन त्याच्याकडे जाते आहे. चुकतो का?

रंगाचा_डबा | २६ फेब्रुवारी, रात्री ९.१०

त्या दादांना माझा नमस्कार सांगा. उत्तर: नाही. घट्ट होत आला की फेकायचा. थिनरने तो पातळ दिसतो, पण आतली क्रिया मागे जात नाही.

फायबरवाल्याची घासायचं काम नाही ही गोष्ट नव्या साच्यात खरी, जुन्या मेणकट अंगावर नाही. शिवाय तुमचे खड्डे इपॉक्सीने भरणार, त्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. उलट चालतं, पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान बसतो.

किनाऱ्यावरचा | २७ फेब्रुवारी, सकाळी ७.००

मी जरा वेगळं म्हणतो. दादा प्रामाणिक आहेत हे दिसलंच, पण दोन डब्यांच्या रंगात चुकीला माफी नाही आणि नुसत्या प्रामाणिकपणाने हार्डनर मोजला जात नाही. आमच्याकडे एका अत्यंत सज्जन माणसाने अंदाजाने मिसळलं होतं. रंग दोन महिने चिकट राहिला, माश्या अडकायच्या. आधी एका फायबरच्या तुकड्यावर पूर्ण सिस्टिम करून घ्या. घासणं, प्राइमर, पीयू, सगळं. आठ दिवसांनी ब्लेडने बारीक चौकटी कापा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढा. चौकटी जागेवर राहिल्या तर नाव हाती द्या. आणि मजुरी तीन हप्त्यांत: घासून झाल्यावर पाण्याची परीक्षा पाहून एक, प्राइमर झाल्यावर दुसरा, नाव पाण्यात गेल्यावर तिसरा.

खड्डे उघडायला मात्र फायबरवाल्याला एक दिवसाच्या रोजीवर बोलवा. त्याचा हात तिथे.

धानाची_बांधी | १ मार्च, दुपारी २.४५

मधेच घुसतो. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर पत्र्याची नाव आहे, जीआय पत्रा. कितीही चांगला ऑइलपेंट मारला तरी सहा महिन्यांत पापुद्रे. आमचंही घासलं नाही म्हणूनच का?

रंगाचा_डबा | १ मार्च, सायंकाळी ५.३०

नाही, तुमचं दुखणं निराळं. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. ऑइलपेंटमधली तेलाची आम्लं आणि जस्त ओलाव्यात मिळून चक्क साबण तयार करतात. रंगाखाली साबण, मग तो टिकेल कसा? तुम्ही कितीही भारी डबा आणा, तेलाचा असेल तर निघणारच. पत्रा उघडा करा, वॉटर पेपरने हलका घासा, पण जस्त पार जाईपर्यंत नाही. धुऊन वाळवा, जस्तावर चालतो असं लिहिलेला एच प्राइमर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला हात) पातळ मारा, त्यावर इपॉक्सी.

पल्याडचा | १६ मार्च, रात्री १०.००

फायबरच्या तुकड्याची चाचणी पास! दादाने दवाखान्यात औषधाला वापरतात त्या मोजमापाच्या पेल्या आणल्या. चार भाग रंगास एक हार्डनर, काट्यावर काटा. चौकटीतला एकही तुकडा उठला नाही. पहिल्या खेपेच्या रंगाचा मात्र धूर निघाला. सगळं एकदमच एका उंच डब्यात कालवलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर डबा हाताला धरवेना.

रंगाचा_डबा | १६ मार्च, रात्री १०.२५

उंच डब्यात स्वतःच्याच उष्णतेने तो तापतो. उथळ ट्रेमध्ये, अर्धा-पाव लिटर एवढाच कालवा. आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर लिहिलेला वेळ २०-२५ अंशांचा असतो, तुमच्याकडे आता दुपारी किती आहे ते पाहा. सकाळी दव वाळल्यावर नऊला सुरू, अकराला बंद. संध्याकाळी मारू नका. रात्री पृष्ठभाग गार पडून त्यावर ओल धरते, पीयूची चमक मरते. इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा दिसला तर तो आधी साध्या पाण्याने आणि काथ्याने धुवा, मगच घासा. नाहीतर तो पापुद्रा घासून आत भराल.

सिंगाडा | १७ मार्च, सकाळी ८.४०

सावलीत करा पण मोहाखाली नका करू बाप्पा. आता फुलं पडाचे दिवस आहेत.

पल्याडचा | २३ मार्च, रात्री ७.५०

सिंगाडाताई, तुमचं वाचायला एक दिवस उशीर झाला.

इपॉक्सीचे चारही हात निर्वेध झाले. पीयूचा पहिला हात काल मारला, नाव घरामागच्या मोहाखाली, वरून हिरवी जाळी. जाळीच्या एका कोपऱ्यातून पहाटे अकरा फुलं. मोजली. दादा काही बोलला नाही, फुलं चिमट्याने काढली आणि आज पुन्हा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून दुसरा हात मारला. आता बुडाशी बसून शोधलं तरी सापडत नाही. नाव आता मांडवाच्या कापडाखाली आहे.

रंग वरून पांढरा, कडेला नारिंगी पट्टा. निळा नको म्हणून काकांनी सांगितलं, गडद रंग मे महिन्यात इतका तापतो की आतलं फायबर मऊ पडून विणीचे ठसे वर दिसतात. नारिंगी पट्टा बाबांनी मागितला, दूरून दिसावी म्हणून. आत पाय घसरू नये म्हणून फिक्या राखाडी रंगात चाळलेली, धुतलेली, वाळवलेली बारीक रेती टाकली. वैनगंगेचीच. दोन ओंजळी, रॉयल्टी भरली नाही.

साकोलीची_ताई | २३ मार्च, रात्री ८.१५

नाव छानच होणार. पण प्रवासी बसवता तर नोंदणीचं आणि लाइफ जॅकेटचं बघितलं का? २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, राज्यात मेरीटाइम बोर्ड ते पाहतं. रंगावर एवढा जीव टाकलात म्हणून विचारते.

पल्याडचा | २३ मार्च, रात्री ८.४०

जॅकेटं दहा आहेत, त्यातल्या दोनचे बंद तुटले होते, ते बदलले. कागदांसाठी बाबा पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. बरं केलं विचारलं.

पल्याडचा | ९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

पावसाळा गेला म्हणून धागा वर काढतो. काल नाव ओढून पाहिली. तळाला फोड एकही नाही. काळा पट्टा आहे, पण ओल्या फडक्याने निघाला. एका ठिकाणी मात्र रंग उठला, वल्ह्याच्या खुंटीच्या बोल्टाभोवती, अंगठ्याएवढा. मी म्हणालो, वल्हं घासून झालं असेल. दादाने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “वल्ह्याचं नाव नको घेऊ. त्या दिवशी बोल्ट काढायचा कंटाळा केला मी, भोवतीनं घासलं. इथं पाना फिरलाच नव्हता.”

तिसऱ्या हप्त्यातले पाचशे परत द्यायला लागला. घेतले नाहीत. उद्या सकाळी नऊला, दव वाळल्यावर, दोघं बोल्ट काढणार आहोत.

धानाची_बांधी, तुमच्या पत्र्याचं काय झालं?